शेवाळालाही साथ येते

तवंग

जून-जुलैत इंग्लंडच्या डेव्हन-कॉर्नवॉल किनाऱ्याबाहेरचा समुद्र एखाद्या वर्षी रंग बदलतो. उपग्रहाच्या छायाचित्रात शेकडो चौरस किलोमीटरचा पट्टा निळीच्या पाण्यात दूध सांडल्यागत दिसतो. हा प्रताप एमिलियानिया हक्सलेई नावाच्या एकपेशीय शैवालाचा. (२०२३मध्ये काही संशोधकांनी त्याची रवानगी गेफायरोकॅप्सा प्रजातीत केली आहे. मला जुन्या नावाची सवय, तेच चालवतो. पुढे नुसतं ‘हक्सलेई’.) पेशी जेमतेम ५ मायक्रॉनची, म्हणजे २०० पेशी रांगेत लावल्या तर १ मिलिमीटर भरेल. अंगावर कॅल्साइटच्या नक्षीदार गोल चकत्यांचं चिलखत. या चकत्यांना कोकोलिथ म्हणतात. त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो आणि पाणी दुधाळ दिसतं.

असा बहर काही आठवडे टिकतो आणि मग बघता बघता बसतो. का बसतो? बरीच वर्षं उत्तर ठरलेलं होतं: पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट संपलं, नाहीतर प्राणिप्लवकांनी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या चिमुकल्या प्राण्यांनी, चरून फस्त केलं. साथ आली असेल हे फारसं कुणाच्या डोक्यातच नव्हतं, कारण समुद्रात विषाणू नगण्य आहेत असाच समज होता. १९७९ साली मायर आणि टेलर यांनी मायक्रोमोनास पुसिला या चिमुकल्या शैवालाला फोडणारा विषाणू शोधून ‘नेचर’मध्ये छापलाही होता. पुढची दहा वर्षं ते कुणी फार मनावर घेतलं नाही. १९८९ला नॉर्वेतल्या बर्गनच्या चमूने पाणी अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं, खाली बसलेले कण थेट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजले, आणि आकडा आला मिलिलिटरमागे २५ कोटींपर्यंत. चहाचा चमचा भरला तर अब्जाच्या वर. तेव्हा कुठे सगळे खडबडून जागे झाले.

मग जुलै १९९९. इंग्लिश खाडीत प्लिमथजवळ बहर आला होता. प्लिमथच्याच विल्यम विल्सन आणि मंडळींनी त्यातलं पाणी आणून गाळलं आणि ते गाळलेलं पाणी हक्सलेईच्या निरोगी कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत) घातलं. कल्चर मेलं, पाणी नितळ झालं. त्यातून हाती लागलेल्या विषाणूंपैकी एक म्हणजे ईएचव्ही-८६ (ईएचव्ही म्हणजे एमिलियानिया हक्सलेईचा व्हायरस). २००५ला त्याचा अख्खा जीनोम ‘सायन्स’मध्ये आला: ४,०७,३३९ बेस जोड्या, ४७२ संभाव्य जनुकं. तुलनेसाठी, एचआयव्हीचा जीनोम १० हजारांच्या आत आटोपतो आणि करोनाचा ३० हजारांच्या आत.

त्या ४७२पैकी बहुतेक जनुकं तेव्हा माहीत असलेल्या कशाशीच जुळेनात. जी जुळली त्यांत एक घबाड होतं: स्फिंगोलिपिड नावाचे मेद बनवणारी जनुकं, जवळजवळ सगळी साखळी. असं कुठल्याच विषाणूत त्याआधी दिसलं नव्हतं. विषाणूला मेद तयार करायची एवढी हौस कशाला?

त्याचं उत्तर मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात खतरनाक वाटतं. संसर्ग झालेल्या पेशीत हा विषाणू स्वतःच्या पद्धतीचा एक ग्लायकोस्फिंगोलिपिड साठवत जातो. तो ठरावीक पातळीच्या वर गेला की पेशीची स्वतःचीच आत्मनाशाची यंत्रणा सुरू होते. मेटाकॅस्पेज नावाची विकरं (एन्झाइम) त्या यंत्रणेत असतात. वार्दी आणि बिडल यांच्या गटाने २००९मध्ये हा मेद शुद्ध करून निरोगी पेशींना नुसताच दिला. विषाणू नाही, काही नाही, फक्त मेद. तरी पेशी मेल्या. आणि त्याआधी २००७मध्ये बिडलच्याच गटाने उलटा प्रयोग केला होता. आत्मनाशाच्या विकरांना रसायन घालून अडवलं, तर विषाणूची पैदासच थांबली. म्हणजे पेशीने स्वतःला संपवायला घेतल्याशिवाय विषाणूचं भागत नाही.

नॉर्वेत मिळालेल्या या विषाणूच्या एका वाणाची मोजणी अशी आहे: संसर्गानंतर १२ ते १४ तासांत पेशी फुटते आणि ४०० ते १००० नवे विषाणू बाहेर पडतात. लिटरमागे लाखो पेशी दाटीवाटीने असताना पुढचं गणित तुम्हीच करा.

प्रश्न, शंका, भांडणं, सगळ्यांचं स्वागत.

चिवचिव

जबरी! वाचनखूण साठवली आहे. एक बाळबोध शंका, खवचटपणा नाही, खरंच विचारतेय. शेवाळाला साथ येते हे कळलं, पण आपल्याला काय त्याचं?

गणिती_गणपा

मिलिलिटरचा आकडा बघून राहवेना. समुद्रातल्या एकूण विषाणूंचा अंदाज कर्टिस सटल यांनी १०चा ३०वा घात असा दिला आहे. एक विषाणू सरासरी १०० नॅनोमीटरचा धरला तर सगळे एकाला एक जोडून होतात १०चा २३वा घात इतके मीटर. एक प्रकाशवर्ष म्हणजे साधारण ९.४६ गुणिले १०चा १५वा घात मीटर. भागा. एक कोटी प्रकाशवर्षं आणि वर थोडी चिल्लर. आपली आकाशगंगा एक लाख प्रकाशवर्षं रुंद.

आता झोप येणार नाही.

खडूफळा

डोव्हरचे पांढरे कडे याच चकत्यांचे ना? नववीला शिकवताना मी दर वर्षी सांगते की हातातला खडू म्हणजे मेलेले जीव. आता त्यांना मारलं कुणी तेही सांगता येईल.

तवंग

@खडूफळा, कडे कोकोलिथचेच, पण हक्सलेईचे नाहीत. ते क्रिटेशियस काळातले, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपेक्षा जुने. हक्सलेई ही जात त्या मानाने अगदी कालची, तीन लाख वर्षांच्या आतली. आणि शाळेतला आजचा खडू बहुतेक वेळा जिप्समचा असतो, तेव्हा पोरांपुढे जरा जपून. :)

@चिवचिव, पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं समुद्रातलं वनस्पतिप्लवक करतं. ते प्लवक कोण खातं, ते कुठे मरतं, मेल्यावर वर राहतं की तळाला जातं, यावर मासळीपासून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपर्यंत सगळं अवलंबून आहे. माशाने किंवा प्राणिप्लवकाने पेशी खाल्ली तर ती वरच्या पायरीवर चढते. विषाणूने फोडली तर आतला माल पाण्यात विरघळतो आणि जिवाणूंच्या तोंडी लागतो. विल्हेल्म आणि सटल यांनी १९९९मध्ये या आडवाटेला ‘व्हायरल शंट’ म्हटलं.

मधुरा_बर्गन

मी बर्गनला राहते. विषयातली नाही, सॉफ्टवेअरवाली. पण वसंत सरता सरता फ्योर्डचं पाणी हिरवट-फिरोजी होतं ते दर थोड्या वर्षांनी डोळ्यांनी बघते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुठल्या तरी कारखान्याने काहीतरी सोडलं असणार अशी माझी खात्री झाली होती.

इथून जवळच राउनेफ्योर्डच्या काठी विद्यापीठाचं सागरी केंद्र आहे. तिथे ते तराफ्याला अर्धपारदर्शक प्लास्टिकच्या प्रचंड पिशव्या टांगतात, काही मीटर खोल. त्यात फ्योर्डचंच पाणी भरतात, वर नायट्रेट-फॉस्फेट घालतात आणि बहर यायची वाट बघतात. विषाणू घालावा लागत नाही, तो पाण्यात असतोच! ९०च्या दशकाच्या सुरुवातीला अशाच प्रयोगांत ब्राटबाक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की हक्सलेईचा बहर पडतो तेव्हा विषाणूंचा आकडा चढतो. माझ्या ओळखीची एक मुलगी अशा प्रयोगात नमुने काढायला जायची. मे महिन्यात, पहाटे, पावसात. बर्गन आहे, पाऊस असणारच.

शंकेखोर

धागा चांगला आहे पण दोन गोष्टी पटल्या नाहीत.

एक, बहर पडताना विषाणू वाढले म्हणजे विषाणूंनी बहर पाडला असं होत नाही. खत संपून अशक्त झालेल्या पेशींवर विषाणू माजले असंही असू शकतं.

दोन, इतका जालीम विषाणू असेल तर हक्सलेई अजून जिवंत कशी? सगळी मरून जायला हवी होती.

तवंग

पहिला मुद्दा वाजवी आहे. म्हणूनच पिशव्यांचे प्रयोग आणि प्रयोगशाळेतली कल्चर एकत्र धरून बोलतात. बाटलीत भरपूर खत असलेल्या, धडधाकट वाढणाऱ्या पेशीही हा विषाणू मारतो. उलट त्याला धडधाकट पेशीच बरी पडते, कारण मेद बनवायला कच्चा माल तिच्याकडेच असतो. उघड्या समुद्रातही २०१२ साली उत्तर अटलांटिकमध्ये ‘नॉर’ या संशोधन जहाजावरून एका बहराचा पाठलाग झाला. पाणी वाहतं, पसरतं, मिसळतं, त्यामुळे बहर मेला की नुसता पांगला हे ठरवणं अवघड. त्यांनी उपग्रहाच्या माहितीवरून प्रवाहांचा परिणाम वेगळा काढला आणि उरलेल्या घसरणीत विषाणूंचा वाटा तपासला. तरी प्रत्येक बहर विषाणूनेच संपतो असं माझं म्हणणं नाही. चरणारे आणि खतटंचाई आपापलं काम करतातच.

दुसऱ्या मुद्द्याला सुरेख उत्तर आहे. चकत्यांचं चिलखत घालते ती हक्सलेईची द्विगुणित अवस्था, गुणसूत्रांच्या दोन संचांची. तिला एकगुणित अवस्थाही असते. त्या पेशीला चकत्या नसतात, अंगावर बारीक सेंद्रिय खवले असतात आणि पोहायला कशाभिका असतात. २००८मध्ये फ्राडा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ही अवस्था ईएचव्हीला दादच देत नाही. विषाणू घातलेल्या कल्चरमध्ये चिलखतवाल्या पेशी संपतात आणि काही दिवसांनी या बिनचिलखती पोहणाऱ्या पेशी दिसू लागतात. विषाणू ज्याला ओळखतो ते रूपच टाकून द्यायचं.

शंकेखोर

म्हणजे चिलखत घातलेले मेले आणि उघडे वाचले. मग चिलखत कशाला?

तवंग

यावर लोक अजून भांडतायत. चरणाऱ्यांपासून बचाव, जास्तीच्या उन्हापासून बचाव, बरेच तर्क आहेत. विषाणूला चकत्यांच्या फटींतून पेशीच्या पटलापर्यंत पोचावं लागतं एवढं खरं. ईएचव्हीला स्वतःचं मेदाचं वेष्टण आहे, आत शिरताना ते पेशीच्या पटलाशी एकजीव होतं. ही रीत प्राण्यांच्या विषाणूंमध्ये ओळखीची आहे. गोड्या पाण्यातल्या क्लोरेला शैवालाचे विषाणू मात्र पेशीभित्तीला भोक पाडून फक्त डीएनए आत सोडतात.

चिवचिव

भोक पाडून!! आणि या पाण्यात पोहलं तर आपल्याला काही?

तवंग

पोहा बिनधास्त. हे विषाणू यजमानाच्या बाबतीत कमालीचे चोखंदळ असतात, एकाच जातीतल्या काही वाणांनाच धरतात आणि बाकीच्यांकडे ढुंकून बघत नाहीत. २०१४मध्ये एका अमेरिकी गटाला माणसांच्या घशातल्या नमुन्यांत क्लोरेलाच्या विषाणूचा डीएनए सापडला होता आणि त्याची बरीच बातमी झाली. पण तो गोड्या पाण्यातला विषाणू, आणि प्रयोगशाळेतल्या रसायनांतूनच तो आला असेल अशी शंका इतर संशोधकांनी तेव्हाच घेतली. माणूस त्याने आजारी पडतो असं काही सिद्ध झालेलं नाही. उलट त्याच कुळातले विषाणू हॅल्टेरिया नावाचा पक्ष्माभिकांनी पोहणारा एकपेशीय जीव चक्क खातो आणि त्यावर वाढतो, असं २०२२मध्ये नेब्रास्काच्या संशोधकांनी दाखवलं. ती बातमी मात्र कुणी फॉरवर्ड केली नाही.

रापणकर

रत्नागिरीहून. आमच्याकडे थंडीत काही रात्री लाटा निळ्या पेटल्यागत चमकतात. रापण ओढताना दोरीसुद्धा चमकते, हात घातला की हात चमकतो. पेपरात नॉक्टिल्युका म्हणून येतं. म्हातारे म्हणतात, असं पाणी आलं की मासळी लांब जाते. त्याला पण हा विषाणू संपवतो काय?

तवंग

रापणकर, नॉक्टिल्युकाचं प्रकरण निराळं. हक्सलेई ५ मायक्रॉनची, नॉक्टिल्युका अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, चांगली नजर असेल तर नुसत्या डोळ्यांना ठिपका दिसेल. आणि ती स्वतः शिकारी आहे, डायटमसारखी शैवालं गिळते. अरबी समुद्रातली हिरवी नॉक्टिल्युका तर पोटात जिवंत हिरवं शैवाल बाळगते. खायला मिळालं तर खाते, नाही तर पोटातल्याच्या जिवावर जगते. २०१४च्या एका अभ्यासात, ज्यात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचेही संशोधक होते, हे फोफावणं वरच्या पाण्यातला ऑक्सिजन कमी होण्याशी जोडलं आहे. तिला खाणारे म्हणजे जेलीफिश आणि साल्प (जेलीसारखेच पारदर्शक जीव), आणि दोन्ही तुमच्या जाळ्याला नकोसे. म्हाताऱ्यांचं म्हणणं मी तरी हसण्यावारी नेणार नाही.

रापणकर

जेलीफिशचं बरोबर. जाळं जड लागतं, वाटतं आज भरून आलं, आणि बघतो तर सगळा लगदा. अंगाची आग आग.

शंकेखोर

मला आता एक धंद्याची आयडिया सुचतेय. कुठे घातक शैवाल माजलं की त्याचा विषाणू आणून फवारायचा. रेड टाइड खल्लास. हे कुणी करत का नाही?

तवंग

जपानमध्ये केइझो नागासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर आयुष्याची वर्षं घातली आहेत. तिथल्या हेटेरोकॅप्सा सर्क्युलॅरिस्क्वामा या शैवालाची दहशत आहे. १९८८ साली कोचीच्या किनाऱ्यावरच्या उरानोउची उपसागरात ते प्रथम लक्षात आलं. ते माशाला किंवा माणसाला काही करत नाही, पण कालवं, तिसऱ्या, मोत्याचे शिंपले यांच्या जिवावर उठतं. मोत्यांची शेती करणाऱ्यांचे डोळे पांढरे झाले होते. त्याला मारणारा एक अगदी छोटा आरएनए विषाणू या मंडळींना सापडला. ईएचव्ही २०० नॅनोमीटरच्या जवळपास, हा ३०च्या आसपास. त्याचे दोन प्रकार आहेत, आणि गंमत अशी की एक प्रकार ज्या वाणांना मारतो त्यांना दुसरा हात लावत नाही, आणि दुसरा मारतो त्यांना पहिला. म्हणजे फवारणीआधी समोरच्या बहरात कुठला वाण किती हे माहीत हवं. चुकीचा फवारलात तर उरलेल्या वाणाला रान मोकळं.

त्यांनी एक अस्सल कोळी डोक्याची युक्तीही पुढे आणली. बहर विषाणूने संपला की ते विषाणू तळाच्या गाळात साठतात. तोच गाळ काढून ठेवायचा आणि पुढच्या वेळी बहर डोकं वर काढू लागला की त्याच उपसागरात परत टाकायचा. बाहेरचं काहीच आणायचं नाही. कारखान्यातून पिंपं भरून विषाणू सोडण्यापेक्षा मला हे कितीतरी शहाणपणाचं वाटतं. तरी एवढ्या मोठ्या पाण्याला किती गाळ लागेल हा प्रश्न उरतोच.

शंकेखोर

ठीक, रेड टाइड सोडा. कार्बनचं बोलू. तुम्ही वर म्हणालात विषाणूने फोडलेला माल विरघळतो आणि जिवाणू खातात. म्हणजे कार्बन डायऑक्साइड परत हवेत. म्हणजे विषाणू हवामानाला वाईट?

मधुरा_बर्गन

इथे मला बोलू दे तवंगदादा. ती नमुनेवाली मुलगी याच विषयावर तासभर बोलली होती.

संसर्ग झालेली हक्सलेई एक चिकट पदार्थ जास्त सोडते, पारदर्शक शर्करांचा. त्याला पेशी, मेलेली पेशीपटलं, सुट्या चकत्या सगळं चिकटतं आणि गोळे होतात. चकत्या चुनखडीच्या, म्हणजे वजनदार. गोळा बुडतो. २०१२च्या त्याच अटलांटिक सफरीचे निष्कर्ष २०१८ला आले, त्यात संसर्ग नुकता लागलेल्या बहराखाली जास्त कार्बन खोल जाताना दिसला. म्हणजे तीच साथ, पण माल वर विरघळण्याऐवजी तळाला चालला.

आणि आमच्या फ्योर्डात २०१८ला झालेल्या पिशव्यांच्या प्रयोगात अजून एक निघालं. बहर विषाणूने पडला की मेलेला माल फक्त जिवाणूच खातात असं नाही. थ्राउस्टोकिट्रिड नावाचे एकपेशीय जीव माजतात आणि तेही जिवाणूंच्या बरोबरीने ताव मारतात. हे नाव उच्चारायला मला तीन वेळा प्रयत्न करावा लागला.

शंकेखोर

म्हणजे वरही जातो आणि खालीही जातो. शास्त्रज्ञांचं नेहमीचं.

तवंग

वरही आणि खालीही, आणि किती कुठे जाईल ते संसर्गाचा टप्पा, चिकटपणा, चरणारे किती, वारा किती यावर ठरतं. त्यात अजून एक आडवळण घालतो. चकती बनवतानाच कार्बन डायऑक्साइड सुटतो. दोन बायकार्बोनेट आत, एक कार्बोनेट चकतीत, एक कार्बन डायऑक्साइड बाहेर. तेव्हा हक्सलेईचा बहर म्हणजे हवा शुद्ध करणारं झाड असं समजून कुणी कार्बन क्रेडिट विकायला आलं तर खिसा सांभाळा. मला स्वतःला ‘विषाणू चांगला की वाईट’ हा प्रश्नच अस्थानी वाटतो. कुठल्या पाण्यात, कुठल्या आठवड्यात, एवढंच विचारता येतं.

उपग्रहाच्या चित्रांबद्दल एक सांगायचं राहिलं. जिवंत पेशीवरून सुटून पाण्यात मोकळ्या तरंगणाऱ्या चकत्या प्रकाश फार विखुरतात. त्यामुळे पाणी सगळ्यात झगझगीत दिसतं ते बऱ्याचदा बहर उताराला लागल्यावर. वॉलपेपर म्हणून लावतो त्या चित्रातला समुद्र अर्धाअधिक साथीने आटोपलेला असू शकतो.

खडूफळा

समुद्राचा तो खास वास याच शैवालांमुळे येतो असं वाचलं होतं. खरं का?

तवंग

बऱ्याच अंशी खरं, खडूफळाताई. डायमिथाइल सल्फाइड. हक्सलेईच्या पेशीत त्याचा पूर्वज पदार्थ भरपूर असतो, पेशी फुटली की विकराच्या कृतीने त्याचं हे सल्फाइड होतं. २०१५मध्ये वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी हक्सलेईतलं ते विकर आणि त्याचं जनुक शोधून काढलं. हवेत गेल्यावर त्यापासून सल्फेटचे सूक्ष्म कण होतात आणि त्यांवर ढगाचे थेंब धरू शकतात. लव्हलॉक आणि इतर तिघांनी १९८७मध्ये यावरून एक धाडसी कल्पना मांडली होती, की प्लवकं ढगांमार्फत पृथ्वीचं तापमान सांभाळतात. तेवढं सरळसोट ते नाही हे पुढे कळलं. पण लाटांच्या तुषारांबरोबर विषाणूही हवेत उडतात, आणि वाऱ्याने दूर जाऊन पडल्यावर तिथल्या हक्सलेईला लागू शकतात, असं २०१५मध्ये दाखवून झालंय. पाण्याच्या प्रवाहाने जायला जिथे आठवडे लागतील तिथे वारा त्याला दिवसांत नेतो.

गणिती_गणपा

ही लढाई किती जुनी आहे? काही पुरावा राहतो का? विषाणूचा जीवाश्म थोडाच होणार.

तवंग

काळ्या समुद्रात राहतो. तिथे तळाशी ऑक्सिजन नाही, त्यामुळे गाळात डीएनए टिकतो. मार्को कूलेन यांनी २०११मध्ये त्या गाळाचा उभा नमुना घेऊन थराथरांतून हक्सलेईचा आणि तिच्या विषाणूचा डीएनए काढला. ७००० वर्षं मागपर्यंत दोघं बरोबर सापडले. काही वाणांच्या जोड्या शतकानुशतकं टिकल्या आणि पाण्याचा खारेपणा वगैरे बदलला तेव्हा बदलल्या.

कोळंबीवाला

उशिरा आलो. मी मूळचा पालघरचा, सध्या आंध्रच्या किनाऱ्यावर कोळंबीच्या हॅचरीत. पिल्लांना झोइया अवस्थेत आम्ही कीटोसेरॉस घालतो, डायटम. बाटली, मग कारबॉय, मग टाकी असं वाढवत नेतो. कधी कधी काय होतं, संध्याकाळी टाकी कॉफीच्या रंगाची असते आणि सकाळी बघावं तर फिकट, वर फेस, तळाला तपकिरी गाळ. झोइयाला एका वेळचं खाणं नाही म्हणजे पुढचं सगळं बोंबललं. आमच्याकडे कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘कल्चर बसलं’. मालक म्हणतो पोरांनी टाकी नीट धुतली नाही. हा विषाणू असू शकतो का?

तवंग

असू शकतो. कीटोसेरॉसचे विषाणू जपानी मंडळींनीच २००५पासून पुढे बरेच शोधले आहेत, आरएनएवाले आणि एकपदरी डीएनएवालेही. फार लहान असतात, ४० नॅनोमीटरच्या आत. पण लगेच विषाणूवर खापर फोडू नका. सिलिकेट संपलं, रात्री हवा बंद पडली, टाकीत पक्ष्माभिकांवाले जीव शिरले, यातलं काहीही झालं तरी टाकी अशीच दिसेल. आधी सकाळचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. काही वळवळताना दिसलं तर चोर तिथेच सापडला.

काही दिसलं नाही तर मेलेल्या टाकीचं पाणी बारीक गाळणीतून गाळा. ०.२ मायक्रॉनची असेल तर बहुतेक जिवाणू वर राहतील आणि इतका लहान विषाणू खाली उतरेल. ते थोडंसं पाणी नव्या, जोमात वाढणाऱ्या फ्लास्कमध्ये घाला. तो मेला की त्याचं गाळलेलं पाणी पुढच्या फ्लास्कमध्ये, तसंच पुढे. नुसतं विष असेल तर दर वेळी पातळ होत जाऊन दोन-तीन फेऱ्यांत त्याचा जोर ओसरेल. विषाणू असेल तर दर फेरीत तितक्याच जोराने मारेल, कारण तो वाढतोय.

कोळंबीवाला

०.२ चा फिल्टर आहे, सूक्ष्मदर्शक पण आहे, धूळ खात पडलाय. पोरांवर विनाकारण खेकसणं तरी थांबेल. फ्लास्क किती लावू?

तवंग

प्रत्येक फेरीला तीन तरी. एकात गाळलेलं पाणी. दुसऱ्यात तेच पाणी उकळून गार केलेलं, तेवढ्याच मापाने. तिसऱ्यात काहीच नाही. उकळलेल्या पाण्याचा फ्लास्कही मेला तर विषाणूचा नाद सोडा आणि पाण्यात काय उतरलंय ते बघा, आधी क्लोरीन. टाकी धुतल्यावर क्लोरीन मारायला थायोसल्फेट घालता ना?

कोळंबीवाला

घालतो. म्हणजे, घालतात असं मी धरून चाललोय. विचारून सांगतो.